दिवसाची लाईन

आमच्या आदिनाथच्या तोंडात एकच शब्द. लाईन. पोटचं पोरगं हाय तरी सांगते, चाळिशीला टेकलं पण त्या शब्दाबाहेर त्याला दुनिया न्हाई. भोकरदनला कुणी कामधंद्याचं इचारलं तर म्हणतो, "मी शेतीच्या लाईनमधी हाय." शेजारच्या भारतचा पोरगा कंपनीत लागला तर म्हणतो, "लाईनीला लागला." बायको उलट बोलली की, "तुला लाईनीवर आणतो." कचेरीत काम अडलं की, "फिकर न्हाई, आपली वरपर्यंत लाईन हाय." तरणा होता तवा केदारखेड्याच्या एका पोरीवर लाईन मारायला गेल्ता आन तिच्या भावाच्या हातून दात पाडून आल्ता. तरी जीभ सुधरली न्हाई.

इजेला लाईन तर आम्ही सारेच म्हणतो. लाईन आली, लाईन गेली. त्याचं मला वाईट वाटत न्हाई. पण बाकीच्या लाईनी नुसत्या तोंडानं चालवता येतात. तारेतली लाईन तशी चालत न्हाई, ती जीव घेती, एवढं त्या घोड्याला कळू नये?

औंदा आमचा मका उशिराचा. कणसात दूध भरलं आन रानडुकरं घुसली. एका रातीत चार-चार सरी आडव्या. आदिनाथनं मक्याभोवती खुंट्या ठोकल्या, बारीक तार वढली आन हिरीवरच्या मोटरीच्या पेटीला आकडा टाकून तिच्यात लाईन सोडली. मी म्हणलं, "अरे, कुणी माणूस मरंल." तर म्हणला, "माय, या हप्त्यात लाईन रातची हाय. दिवसा तार म्हणजे नुसती तार."

आमच्याकडं शेतीची लाईन अशीच येती. एक हप्ता रातची, एक हप्ता दिवसाची. सोमवारी पाळी बदलती. हे शेंबडं पोर बी जाणतं.

दिवाळीच्या आदूगर माझा धाकटा भाऊ म्हस्कू मेंढरं घेऊन आला. सोयाबीन निघालं की रिकाम्या रानात तो दरसाल आपल्या मेंढ्या बसवतो. लेंडीखतानं रान तयार होतं, आन आम्ही त्याला पोतंभर जवारी देतो. रान मक्याला लागूनच. म्हस्कूनं तार पाह्यली आन इचारलं, "आदिनाथा, हिच्यात काही हाय का रं?"

"दिवसा काही न्हाई, मामा. खुशाल चारा. म्या सांगतो ना."

म्या सांगतो ना. हे त्यानं सांगितलं. माझ्या म्होरं सांगितलं.

तो शनिवार व्हता. सोमवारी सकाळी मी म्हस्कूला भाकरी घेऊन निघाले. दहिवर पडलेलं, रान वलं. म्हस्कू मेंढरं मोकळी सोडून राह्यल्ता. मी बांधावर पाय ठेवला आन चारी बाजूच्या मोटरी भण्ण करून एकदम चालू झाल्या. सगळ्यांच्या पेट्या ऑटोवर टाकलेल्या, लाईन आली की मोटर आपोआप उठती. माझ्या हातातलं फडकं तिथंच पडलं. सोमवार! पाळी बदलली, आन पेटीवरचा आकडा तसाच!

"म्हस्कू! तार! मेंढरं मागं घे!"

त्याला वाटलं मी भाकरीला हाका मारून राह्यले. हात हालवला त्यानं. तवर म्होरली मेंढी मक्याच्या वासानं तारेवर गेली. वलं तोंड तारेला लागलं आन ती जागच्या जागी ताठ झाली. वरडली बी न्हाई. मेंढराची जात, म्होरली गेली की मागली जाती. दुसरी गेली. तिसरी तिच्या अंगावर पडली. चवथी उडाली आन उताणी पडून पाय झाडायला लागली. लोकरीचा जळका वास सुटला. म्हस्कूनं काठी टाकली, धावला, आन पयलीचा मागला पाय धरून वढायला गेला.

मंग तो बी ताठ झाला.

माझा भाऊ, सहा पोरींच्या पाठीवरचा. दात आवळलेले, डोळे पांढरे, सारं अंग थडथड उडून राह्यलेलं. हात काही सुटंना. हात लावला तर मी बी चिटकणार, एवढं कळत व्हतं मला. त्याची काठी भुईवर पडल्ती, बाभळीची, वाळून खडंग झालेली. उचलली आन पहिला फटका त्याच्या मनगटावर घातला. सुटला न्हाई. दुसरा घातला, सारा जोर लावून. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानानं ऐकला. म्हस्कू मागं कोसळला.

तशीच हिरीवर पळाले आन पेटीवरचा आकडा काठीनं झोडून खाली पाडला.

परत आले तर मागून आणखी तीन मेंढ्या तारेवर गेलेल्या. म्हस्कू शुद्धीत व्हता. उजव्या तळहाताचं कातडं भाजून पांढरं पडलेलं, मनगट भलतीकडंच वळलेलं. डाव्या हातानं त्यानं एका तडफडत्या मेंढीचं मुंडकं मांडीवर घेतलं व्हतं. ती गार झाली तवा म्हणला, "आक्का, सात."

माझी सून मोनिका वरडा ऐकून धावत आली. आपला पदर टर्र फाडला आन मामाचा हात गळ्यात बांधायला बसली. तेवढ्यात आदिनाथची फटफटी आली. त्याचं पयलं बोलणं काय, तर, "आकडा कुणी पाडला?"

"मी पाडला," मी म्हणलं. "डोळे फुटलेत का तुझे? मामाकडं पाह्य."

त्यानं मेंढरं पाह्यली. त्वांड उतरलं. पण उतरलेलं त्वांड त्याला सोसंना, तसा मामावरच धावला. "मामा, लाईनमधी मेंढरं घातलीच कशाला? डोकं हाय का न्हाई?"

"तूच म्हणल्ता ना, बाबा..."

"म्या कवा म्हणलं?" असं म्हणून त्यानं म्हातार्‍याची बंडी धरली आन गदागदा हालवला. मोडका हात भुईवर आपटला. म्हस्कूनं अशी किंकाळी फोडली की राहिलेली मेंढरं पांगली.

मी काठी घातली. पोटरीवर एक, पाठीत दोन. तो वळला, माझ्या हातातून काठी हिसकली आन माझ्यावरच उगारली. सत्तर वर्षांच्या मायवर! मी हालले न्हाई. म्हणलं, "घाल. आज तेवढंच राह्यलंय."

मोनिकानं पाठीमागून त्याच्या मनगटाला दात लावले. रगत निघंस्तोवर सोडलं न्हाई. काठी पडली.

"बाईच्या जातीला लाईनीवर..." तो बोलाय लागला.

"बोला, बोला," मोनिका त्वांड पुसत म्हणली. "दुसरा हात बी हाय तुमचा."

मंग तो निवला, आन निवल्यावर त्याचं खरं रूप दिसलं. खाली बसून तार गुंडाळाय लागला. "माय, ऐक. बांधावरची कवळी जवारी खाल्ली, किराळ लागली, इख चढलं, म्हणून मेंढरं मेली म्हणायचं. मामा पळताना पडला, हात मोडला. दवाखान्यात आपली लाईन हाय, कागद बराबर होईल. नाही तर मला आत टाकतील."

म्हस्कू खाली मान घालून म्हणला, "आक्का, म्हणू दे तसंच. भाचा हाय. माझ्यापायी लेकरू कोर्टात नको."

ज्यानं मार खाल्ला तोच पांघरूण घालून राह्यला, आन ज्यानं घालायला लावलं तो तार लपवून राह्यला. पोरगं माझंच. गप बसले असते तर घरात राह्यलं असतं. पण उद्या तीच तार दुसर्‍या रानात वढली असती त्यानं. मोनिकानं गुंडाळलेल्या तारेवर पाय दिला आन माझ्याकडं पाह्यलं. मी आदिनाथच्या म्होरं जाऊन उभी राह्यले.

"आदिनाथ, वर पाह्य. तार तिथंच पडू दे, पंचनाम्याला येणारे पाहतील. आत्ता मामाला दवाखान्यात न्यायचं आन डाक्टराला तुझ्या तोंडानं सांगायचं, तार माझी, लाईन म्या सोडली, मामाला चारा म्हणून म्याच सांगितलं. हाड मायनं मोडलं, ते बी सांग, माझी काही ना न्हाई. तू न्हाई बोलला तर पोलिसात मी बोलंन, आन मी बोलले तर आजच्या मारासकट बोलंन. आत टाकलं तर भाकरी घेऊन येईन, सोडवाय येणार न्हाई. आन बाहेर राह्यला तर मामाचा हात जुळंस्तोवर ही मेंढरं तू वळायची. ती बसतील त्या रानात निजायचं, घरात पाय ठेवायचा न्हाई. मका डुकरं खातील, खाऊ दे. ऊठ आता, मामाला आधार दे. डाव्या बाजूनं धर."