सोप्यात झोपणारी

"कंगवा खाली ठेव, शेवंते. ठेव म्हणते न्हवं!"

अंबुबाईनं शेवंताचं मनगटच धरलं. समोर गौतमी उंबऱ्यात मान खाली घालून बसली होती. मांडीवर परीक्षेचं जाडजूड गाईड, आणि मानेवर केसांच्या मुळाशी अंगठ्याएवढा एक गुंता.

शेवंताची ही पोरगी मुदतीच्या तापातून नुकतीच उठली होती. तापात डोक्याला पाणी नाही, तेल नाही, फणी नाही. ताप उतरला तर बाईसाहेबांना अंघोळीला वेळ नाही. केस वर गुंडाळायचे आणि गाईड उघडायचं. त्यातून हा गुंता झाला होता, दुसरं काही नाही. हे शेवंताला ठाऊक होतं. अंबुबाईलाही बहुतेक ठाऊक असावं, पण गल्लीतल्या सगळ्या बारशांना आणि मयतांना पुढं असणारी बाई ती. कुणाच्याही घरात काही झालं की ते काय झालं हे तीच सांगायची.

"ह्यो गुंता न्हवं. जट हाय ही. देवीआई आलीया घरात."

शेवंताच्या हातातला कंगवा दारात पडला आणि बराच वेळ कुणी उचलला नाही.

निपाणीत तंबाखूचा हंगाम चालू होता. उन्हं तापली की वखारींतून उठणारा धुरळा सगळ्या गावाला शिंका आणायचा. देवाप्पानं, शेवंताच्या नवऱ्यानं, उभा जन्म त्या धुरळ्यात पोती वाहिली होती. आता त्याच्या छातीचा भाता झाला होता. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली त्याची खाट, आणि खाटेवरून चालणारा खोकला. त्याच्या बापानं धर्म बदलला तेव्हा घरातले देव उचलून वेदगंगेत सोडले होते. देव गेले, पण त्यांची भीती शेवंता माहेराहून आपल्याबरोबर घेऊन आली होती.

ती आणली होती यल्लव्वाकडून. यल्लव्वा तिची थोरली बहीण. लहानपणी तिच्या डोक्यात अशीच एक जट झाली. आईबापानं तिला सौंदत्तीच्या डोंगरावर नेलं, गळ्यात लाल-पांढरे मणी बांधून देवीला सोडली. त्याला मुत्तू बांधणं म्हणत. त्या दिवसापासून यल्लव्वाचं लग्न नाही, घर नाही. जोगवा मागायचा, आणि बाकीचं जे काय असतं ते शेवंतानं कधी विचारलं नाही. वर्षातून दोनदा आक्का डोक्यावर परडी घेऊन दारात यायची. शेवंता तिला सोप्यात, उंबऱ्याबाहेरच्या ओसरीवर, जेवायला वाढायची, सोप्यातच घोंगडं अंथरायची. आत ये असं तिनं कधी म्हटलं नाही. देवाप्पा म्हणायचा, तेव्हा ही ऐकलं न ऐकलं करायची.

गौतमीचं मात्र वेगळं होणार होतं. बेंगळूरला कायद्याचं नवं कॉलेज निघतंय, तिथं वशिला नाही, नुसती परीक्षा द्यायची, ही बातमी आण्णाप्पा मास्तरांनी आणली. गाईडही त्यांनीच दिलं. देवाप्पा वखारीच्या संपात एकदा कोर्टात जाऊन आला होता. तिथं सगळे आपल्याविषयी बोलत होते आणि आपल्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. "आपलं एक माणूस तितं उभं ऱ्हायलं पायजे," एवढंच तो म्हणायचा. आजारी माणसाला धरून ठेवायला एक गोष्ट लागते. त्याला ही होती.

शेवंता दिवसभर विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची ओली पानं, पत्र्याचा नमुना आणि कात्री. नमुना पानावर ठेवायचा, कात्री फिरवायची. गौतमी शेजारी बसून गाईडमधलं इंग्रजी मराठीत करून सांगायची.

"आई, ह्यात काय करायचं, वर एक नियम देत्यात. खाली हकीकत देत्यात. नियम बरोबर का चूक, आपण इचारायचं न्हाय. आपल्या मनातलं कायबी घालायचं न्हाय. नियम हकिकतीला लावायचा, बस्स."

"मग सांग की एक."

"घरातल्या माणसानं कुणाचं नुकसान केलं तर घरधनी जबाबदार. ह्यो नियम. आता गुंडूच्या सोप्यात एक वाटसरू झोपला. त्यानं विडी टाकली, शेजाऱ्याची गंजी पेटली. गुंडू जबाबदार का न्हाय?"

"न्हाय," शेवंता कात्री न थांबवता म्हणाली. "सोप्यात झोपला म्हंजे घरातला व्हतोय व्हय?"

"बरोबर!"

देवाप्पा खाटेवर हसला. हसता हसता खोकला आला, पण त्या दिवशी त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

हे सगळं तापाच्या आधीचं.

अंबुबाई गेल्यावर खोबरेल तेल आणि एक दुपार, एवढ्यात तो गुंता सुटला असता. शेवंतानं तेल घेतलंही. पण बोटं गुंत्याला लावण्याआधी तिची नजर खाटेकडं गेली. जट घरातल्या कुणी कापली, विस्कटली, तर घरधनी जातो, हे ती आईच्या तोंडून ऐकत मोठी झाली होती. तिनं तसबिरीकडं पाठ केली, अंबुबाईनं दिलेला भंडारा चिमटीत घेतला आणि तेलात कालवून त्या गुंत्याला लावला. आत्तापुरतं. परीक्षा होईस्तोवर देवी शांत राहू दे.

"आई, काय लावलंस?"

"हळद हाय. गप बस."

मंगळवारी लावलं, शुक्रवारी लावलं. तेल, हळद आणि वखारीचा धुरळा, सगळं वाळून घट्ट झालं. अंगठ्याएवढा गुंता बोटभर लांब झाला, मग सुंभासारखा मानेवर लोंबू लागला. शेवंतानं स्वतःच्या हातानं पोरीच्या केसांत जट वळली, विडी वळावी तशी, आणि ती वाढताना बघून तिलाच घाम फुटू लागला.

गल्लीचं वागणं बदललं. काल-परवापर्यंत गौतमीला हाक मारून पाणी आणायला लावणाऱ्या बायका आता तिला वाट द्यायला लागल्या. एक म्हातारी तर पाया पडली. गौतमी दचकून मागं सरली. "मला सोळा मार्काचं जनरल नॉलेज ऱ्हायलंय आजून, आजी," ती म्हणाली. म्हातारीनं त्याचाही काहीतरी दैवी अर्थ लावला असावा, कारण तिनं पुन्हा हात जोडले.

मग अंबुबाईनं सांगून टाकलं, "दवन्याच्या पुनवंला उरकून घेऊ. सौंदत्तीला आता पोलीस असत्यात. हितंच माझ्या सोप्यात मुत्तू बांधू. यल्लव्वाला सांगावा धाडलाय मी. जाणती हाय ती, तीच बांधंल."

चैत्राची ती पुनव शनिवारी होती. परीक्षा रविवारी, बेळगावला.

"असं करणं गुन्हा हाय," गौतमी म्हणाली. "कायदा झालाय त्याचा. बांधणाऱ्यालाबी शिक्षा, बघत बसणाऱ्यालाबी."

"कायदा डोंगर चढतोय व्हय गं?" अंबुबाई मायेनं म्हणाली. तिला खरंच माया होती, हीच तर पंचाईत होती. "परीक्षेचं काय घिऊन बसलीस. ज्याला बोलावणं आलंय त्यानं जायाचं."

ती गेल्यावर देवाप्पा कोपरावर उठला. "शेवंता, काप ती."

"काय बोलताय?"

"मी मरायचा तो त्या धुळीनं मरणार. केसानं न्हाय. दे हिकडं कात्री."

शेवंतानं कात्री पदराखाली घेतली. तो उठायला गेला आणि खोकल्यानं त्याला पुन्हा खाटेवर आडवं केलं. रुमालाला तांबडं लागलं. शेवंतानं बघितलं, गौतमीनंही बघितलं. शामू न्हाव्याला बोलावलं तर तो दारात आला, पोरीची मान बघितली आणि धोपटी काखेत मारून आल्या पावली परत गेला.

दुसऱ्या दिवशी शेवंता पाणी घेऊन आली तर गौतमी आरशासमोर उभी. एका हातात जट, दुसऱ्या हातात विडीची कात्री. आरशात तिच्या मागं खाट दिसत होती. मग तिनं कात्री सुपात ठेवली आणि गाईड उघडून बसली. वाचता वाचता तिचा हात आपोआप मानेकडं जात होता. शेवंताला सगळ्यात भीती वाटली ती त्या हाताची. पोरगी कायदा पाठ करत होती आणि मनातून घाबरली होती, आपल्या आईसारखीच.

शनिवारी दुपारी यल्लव्वा आली. ती वळणावर दिसली तेव्हा शेवंता दारातच उभी होती. डोक्यावर परडी, कपाळभर भंडारा, खांद्यावरून पुढं सोडलेली जुनी जाड जट. पलीकडं अंबुबाईच्या सोप्यात बायका जमल्या होत्या. कुणीतरी नवं हिरवं लुगडं आणून ठेवलं होतं.

यल्लव्वानं परडी उतरवली आणि नेहमीच्या जागी, सोप्यात, भिंतीला टेकून बसली.

"च्या कर शेवंता. पोरीला हिकडं धाड."

शेवंता चुलीशी गेली, पण कान सोप्यात होते. पातेल्यातला चहा उतू गेला तरी तिला समजलं नाही.

"काय वाचतीस गं?"

"उद्याची परीक्षा हाय, मावशी."

"मला सांग की त्यातलं."

गौतमीचा आवाज आधी दबका होता. नियम, हकीकत, गुंडूचा सोपा, वाटसरू, पेटलेली गंजी. मग थोडा चढला. "आईनं बरोबर सांगितलं. सोप्यात झोपणारं माणूस घरातलं न्हवं."

आत शेवंतानं चिमटा हातात धरून डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांची घोंगडी तिच्या डोळ्यांपुढून गेली.

"आसं सांगितलं व्हय तुझ्या आईनं," यल्लव्वा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मग आता माझं सांग. जट घरातल्यानं कापली तर घरधनी जातो. ह्यो नियम. नियम बरोबर का चूक, इचारायचं न्हाय, व्हय न्हवं?"

"व्हय."

"मी कुठल्या घरातली?"

गौतमीनं गाईड मिटलं.

"सांग की. वकील व्हणार न्हवं तू? म्हायेर मला न्हाय. सासर न्हाय. हितं मी सोप्यात झोपते. मी कुठल्या घरातली?"

"कुठल्याच न्हाय, मावशी," गौतमी म्हणाली आणि रडायला लागली.

"मग रडतीस कशाला? बरोबर आलं की उत्तर. शेवंते, कात्री आण."

शेवंतानं कात्री आणली. ती हातातून सोडेना, तशी यल्लव्वानं ओढूनच घेतली. पानं कापायची छोटी कात्री, जट जाड. कचकच करत बराच वेळ लागला. कोवळी मान उघडी पडली तिथं कातडी हळदीनं पिवळी पडून भाजल्यासारखी झाली होती. यल्लव्वानं पदर ओला करून ती पुसली. मग कापलेली जट तिनं आपल्या जटेत घातली, परडीतल्या सुतानं आवळून बांधली, वर भंडारा दाबला.

आणि ती गल्लीत गेली.

"उदो गं आई, उदो!" तिचा खणखणीत आवाज सगळ्यांनी ऐकला. "देवीनं पोरगी न्हाय मागितली. जुनीच मागितली. बघा, माझ्या डोक्यावर आली!"

अंबुबाईनं जट बघितली. देवीच्या बाईला खोटी पाडायची हिंमत तिच्यात नव्हती. बायका एकेक करून उठल्या.

शेवंता सोप्यात येऊन उभी राहिली. "आक्का, आत ये. आज आत जेव. आत झोप."

यल्लव्वानं मान हलवली. ती नीट हलेना. एका बाजूला ओढ बसत होती. "खुळी का काय तू? आत आले की घरातली झाले. मग जट घरातल्यानं कापली आसं व्हईल."

रविवारी पहिल्या गाडीनं गौतमी बेळगावला गेली. मानेवर पांढरा रुमाल बांधून. परत आली तेव्हा म्हणाली, "पेपर बरा गेला," आणि तशीच झोपली. देवाप्पा तिच्याकडं बघत बसला. त्या रात्री तो कमी खोकला, निदान शेवंताला तसं वाटलं.

निकाल आला, नाव लागलं, देवाप्पानं मास्तरांकडून ते तीनदा वाचून घेतलं. आणि पोरगी बेंगळूरला जायच्या आठवड्यातच तो गेला. डॉक्टर वर्षभर जे सांगत होते तेच झालं. पण गल्लीला डॉक्टर नको होता. तिरडी उचलायच्या आधीच कुजबुज सुरू झाली, आणि अंबुबाईच्या तोंडून ती मोठ्यानं बाहेर पडली. "जट कापल्याली पोर हाय ही. बापाला खाल्लं."

गौतमी बापाच्या पायाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही. तिचा हात हळूहळू मानेकडं गेला.

मयताचं कळून आलेली यल्लव्वा सोप्यातून उठली. दोन जटांच्या ओझ्यानं तिची मान आता कायमची कलली होती. ती दारात आडवी उभी राहिली.

"कुणी कापली? जट माझ्या डोक्यावर हाय. कुणाला बघायची हाय त्यानं फुडं यावं. आणि मी काय ह्या घरातली न्हवं. शेवंतालाच इचारा."

सगळ्यांनी शेवंताकडं बघितलं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, माझी सख्खी बहीण आहे ती, एका आईची आहोत आम्ही. तिनं पोरीकडं बघितलं.

"न्हाय," ती म्हणाली. "ती घरातली न्हवं."

माती देऊन माणसं परत आली, जेवली, पांगली. बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला होता. शेवंतानं आपल्या हातानं आक्काचं ताट वाढलं आणि सोप्यात नेऊन ठेवलं. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ती स्वतः टेकली. यल्लव्वा कललेल्या मानेनं जेवत होती. सोप्यात पाऊस येत होता, तशी ती भिंतीकडं जरा सरकली.