मधले दोन काप

वीबकेने कोपराने दार ढकललं, हातातली फळी तिरपी झाली आणि श्टोलन घसरत जाऊन मांडणीच्या कडेवर आपटला. आवाज असा काही झालाच नाही. वरच्या पिठीसाखरेवर फक्त आडवी रेघ उमटली आणि फळी सरळ करेपर्यंत त्या रेघेची भेग झाली. तिने भेगेत बोट घालून पाहिलं. बोट थेट खालच्या लाकडाला लागलं. बेदाणे, बदाम आणि लिंबाच्या सालीने गच्च भरलेला, लोण्यात न्हालेला दोन किलोंचा नाताळचा पाव बरोबर मध्यावर दुभंगला होता.

जिन्याखालच्या त्या थंड खोलीत ती तशीच उभी राहिली. बाहेर तिचा नवरा लोथार आणि सासू फ्रीडाबाई खोक्यांतून लाकडी बाहुल्या काढत होते. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी त्या डोंगरातल्या प्रत्येक घरात हाच उद्योग चालतो. वर्षभर माळ्यावर झोपलेल्या खाणकामगारांना आणि देवदूतांना जागं करायचं, फडक्याने पुसायचं आणि खिडकीत उभं करायचं. घरात जितके मुलगे तितके खाणकामगार, जितक्या मुली तितके देवदूत, प्रत्येकाच्या हातात दिवा. या घराच्या खिडकीत एकोणसाठ वर्षं एकच खाणकामगार उभा राहत आला होता, तो लोथारचा. लोथार आणि वीबकेला मूल झालं नाही.

"ठेवला का गं आत?" सासूबाईंनी बाहेरून विचारलं.

"हो आई."

"नीट ना?"

"नीट."

नीट म्हणजे अखंड. श्टोलन मोडला तर वर्षाच्या आत घरातलं एक माणूस जातं, हे त्या गावात पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. लोथार चौदा वर्षांचा असताना बेकरीतून घरी आणताना त्यांचा श्टोलन मोडला होता, आणि ईस्टरच्या सुमाराला त्याचे वडील गेले. खाणीतल्या धुळीने त्यांची छाती तीन वर्षं भात्यासारखी वाजत होती, डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. ते सगळे विसरले. लक्षात राहिला तो श्टोलन.

वीबके समुद्रकाठची. तिच्या माहेरी पाव मोडला तर लोक तो खातात. एकतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला या गोष्टींचं हसू यायचं. पुढे हसणं थांबलं. विश्वास काही बसला नाही, पण सवय लागली, आणि माणूस घाबरलेलं असलं की या दोहोंत फारसा फरक उरत नाही.

आणि आता ती घाबरलेलीच होती. लोथारच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोनदा त्याने ती मोडली. एकदा ती तेरा होती म्हणून, आणि एकदा निघताना भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून. तिसरी तारीख दुसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारची होती. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी वीबकेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "या वेळी त्यांना घेऊन या. चौथी तारीख मी देईन, पण ती उपयोगी पडेल याची खात्री देत नाही." आता श्टोलन मोडल्याचं लोथारच्या कानावर गेलं असतं तर तो घराची पायरीही उतरला नसता.

तिने स्वयंपाकघरातून लोणी वितळवून आणलं. दोन्ही अर्धे एकमेकांना घट्ट भिडवले, भेगेत लोणी ओतलं, ते गोठेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि वरून पिठीसाखर चाळली. भेग दिसतेय असं वाटलं म्हणून पुन्हा चाळली. मग पांढऱ्या कापडात पाव गुंडाळला, बाळंतिणीच्या खोलीत बाळ गुंडाळतात तसा, आणि बाहेर आली.

लोथार खाणकामगाराच्या टोपीवर फुंकर मारत होता. लाकडी बाहुल्या लेथवर घडवणं हाच त्याचा धंदा. मागच्या शेडमध्ये त्याने असे हजारो खाणकामगार केले होते, पण स्वतःच्या या जुन्या, नाक उडालेल्या बाहुलीला तो दुरुस्तीसाठीसुद्धा लेथजवळ नेत नसे.

"दिवा लागतोय का बघ आधी," तो म्हणाला. "नाही लागला तर…"

"नाही लागला तर बल्ब बदलायचा," फ्रीडाबाई म्हणाल्या. "इकडे आण तो."

दिवा लागला. लोथारने सोडलेला श्वास वीबकेला दोन पावलांवरून ऐकू आला. फ्रीडाबाई मात्र दिव्याकडे पाहत नव्हत्या. त्यांची नजर सुनेच्या बाहीवर होती. कोपरापर्यंत बाही साखरेने पांढरी झाली होती. मग त्या खोक्यातला कागद घडी करून ठेवायला लागल्या.

पुढचे आठ दिवस घरात नाताळची नेहमीची धांदल होती. वीबकेने तीन डबे भरून बिस्किटं केली. गव्हाच्या काड्या भिजवून, इस्त्रीने चपट्या करून त्यांच्या चांदण्या बांधल्या. दारावर फरच्या फांद्यांचं कडं लावलं. हात चालू असले की बरं वाटायचं. हात थांबले की तिचे पाय जिन्याखालच्या खोलीकडे वळायचे. बटाटे काढायला फ्रीडाबाई रोज त्याच खोलीत जात आणि दर वेळी वीबके श्वास रोखून धरी. चौऱ्याऐंशी वर्षांची ती बाई गावातल्या सगळ्या रिवाजांचं चालतंबोलतं पुस्तक होती. नाताळच्या आठवड्यात धुणं दोरीवर टाकायचं नाही, जेवण संपेपर्यंत ताटावरून उठायचं नाही, नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत श्टोलनला सुरी लावायची नाही, आणि लावायची ती घरच्या पुरुषानेच. तिला कळलं तर लोथारला कळणार, यात शंका नव्हती.

एक बदल मात्र वीबकेच्या ध्यानात आला. सासूबाईंचं जेवण कमी झालं होतं. टोमणे तर जवळजवळ बंदच झाले होते.

सोमवारी सकाळी बॅग दाराशी आली. शेजारचा गाडी घेऊन दहा वाजता येणार होता. दहाला वीस मिनिटं असताना लोथार कोट चढवून स्वयंपाकघरात आला आणि खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभा राहिला.

"वीबके, तो श्टोलन जरा बाहेर काढ."

"कशाला?"

"बघून जातो एकदा."

"अरे, गुंडाळून ठेवलाय. उगीच हवा लागेल."

"बघतो फक्त. अख्खा असला की झालं. मग मी जातो बघ, मागेसुद्धा वळणार नाही." तो हसला, पण खुर्चीवरची त्याची बोटं पांढरी पडली होती.

 सिंकमधला स्वच्छ कप वीबकेने पुन्हा धुवायला घेतला. तेवढ्यात जिन्याखालचं दार करकरलं आणि फ्रीडाबाई फळी दोन्ही हातांवर पेलत आत आल्या. त्यांनी फळी टेबलावर ठेवली, कापड सोडलं आणि खणातून पावाची लांब सुरी काढली.

"बघून कुणाचं पोट भरलंय?" त्या म्हणाल्या. "कापते मी."

"आई!" लोथार दचकलाच. "नाताळला अजून पंधरवडा आहे."

"मी चौऱ्याऐंशीची आहे. पंधरवड्याचा भरवसा तू देतोस का?"

"आणि कापायचा तर मी कापतो. दर वर्षी मीच…"

"तू हात धुतलेस का? नाही ना. मग बस."

तो बसला. फ्रीडाबाईंनी साखरेवरून तळहात फिरवला, आंधळं माणूस चेहरा चाचपतं तसा, आणि एका जागी थांबवला. मग सुरी टेकवली. मध्यावर नव्हे, मध्याच्या एक बोट डावीकडे. सुरी खालपर्यंत गेली. मग मध्याच्या एक बोट उजवीकडे. पुन्हा खालपर्यंत. शेवटी थेट मध्यावर, लोण्याने सांधलेल्या भेगेतूनच. मधले दोन काप अंगाला अंग लावून उभे होते. त्यांनी सुरीचं पातं आणि तळवा यांच्यामध्ये ते धरले आणि एकदमच आपल्या बशीत आडवे केले.

मधूनच कापायचा असतो श्टोलन. मग उरलेले दोन तुकडे एकमेकांना भिडवून ठेवायचे, म्हणजे पाव सुकत नाही. घरोघर असंच कापतात. लोथारला त्यात वावगं काय दिसणार?

"दोन्ही तूच खाणार?" तो म्हणाला. "डायबेटिस आहे तुला."

"डॉक्टरकडे तू निघालायस, मी नाही." त्यांनी उजवीकडच्या तुकड्याचा एक जाड काप काढून त्याच्यापुढे धरला. "हा घे तुझा."

लोथारने काप उजेडात धरून पाहिला. पिवळसर, ओलसर, सलग, कडेपासून कडेपर्यंत बेदाणे. "आई," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आधी कापला तर काही होतं का गं?"

"होतं ना. शेजारी हावरट म्हणतात."

तो हसला, या खेपेला खरोखर. काप खाल्ला, बोटांवरची साखर चाटली, म्हणाला, "बरा झालाय यंदा." बाहेर हॉर्न वाजला. त्याने आईच्या कपाळावर ओठ टेकवले, वीबकेला बॅगही उचलू दिली नाही, आणि पायऱ्या उतरून गेला. वीबके त्याच्याबरोबर रुग्णालयात जाऊन सगळे कागद करून आली. परतली तेव्हा सासूबाईंची बशी धुऊन पालथी घातलेली होती.

मंगळवारी दोघी सकाळपासून स्वयंपाकघरातच होत्या. वीबके काड्यांच्या चांदण्या बांधत होती आणि बांधलेल्या सोडत होती. फ्रीडाबाई बटाट्यांची सालं काढत होत्या. तिघांना दोन दिवस पुरतील इतके बटाटे सोलून झाले तरी त्यांचा हात थांबेना. 

दीड वाजता फोन वाजला. वीबकेने तो पहिल्याच घंटेला उचलला. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. झडप बसली होती, रक्तदाब चांगला होता, पेशंट शुद्धीवर येत होता. शुद्धीवर येताच त्याने आधी वार विचारला होता आणि मंगळवार ऐकून, बरा वार आहे, असं म्हणाला होता.

वीबके भिंतीला पाठ घासत खाली बसली. दहा दिवस छातीवर बसलेला दगड उतरला आणि ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. "सुटला, आई," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. फ्रीडाबाईंनी सुरी खाली ठेवली, ॲप्रनला हात पुसले, डोळे मिटून एकदा मान हलवली. मग उठून बाहेरच्या खोलीत गेल्या.

कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने त्या ट्रे घेऊन परतल्या. ट्रेमध्ये निळ्या नक्षीचे सहा कप होते, त्यांच्या आईने लग्नात दिलेले. वीबकेने एकतीस वर्षांत ते काचेआडूनच पाहिले होते.

"हे तुझे," फ्रीडाबाई म्हणाल्या. "शिलाई मशीन शेजारच्या गुंडुलाला द्यायचं. माझा काळा कोट कुणाला देऊ नका, कसरीने खाल्लाय."

"आई, हे आत्ता कशाला?"

"घाई नाही. बारा महिने आहेत. पण माझ्या देखत झालेलं बरं, नाहीतर तू मशीनसुद्धा भंगारात घालशील."

वीबके जमिनीवरच बसून त्यांच्याकडे बघत राहिली. सुरीचे ते दोन छेद, भेगेच्या एक बोट डावीकडचा आणि एक बोट उजवीकडचा, तिला आता नीट दिसले. सासूबाईंनी भेग लपवली एवढंच तिला काल कळलं होतं, आणि त्याबद्दल रात्रभर ती मनातल्या मनात त्यांचे पाय धरत होती. ती भेग त्यांनी बशीत घेऊन कुणालाही शिवू न देता शेवटच्या कणापर्यंत संपवली, हे तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

"तुम्ही ते दोन्ही काप म्हणून…"

"मोडलेला कुणाच्या तरी नावावर पडतोच," फ्रीडाबाई म्हणाल्या. "म्हटलं, रांगेत मी पुढे आहे. माझ्या पोराने मध्ये का घुसावं?"

"आई, तो माझ्या धक्क्याने मोडला. पाव होता तो. नुसता पाव."

"असेल. तुमच्याकडे असेल." त्या खुर्चीवर टेकल्या. "तू उठ आधी, फरशी गार आहे."

वीबके उठली. तिने ट्रेमधला एक कप उचलला, उजेडात धरला, आणि त्यातच कॉफी ओतली. दुसऱ्यातही ओतली. फ्रीडाबाईंनी अडवलं नाही. त्यांनी श्टोलन जवळ ओढला, डावीकडच्या तुकड्याचा बोटभर जाड काप काढला आणि चांगला मोठा घास घेतला. दहा दिवसांत सासूबाईंना असं चवीने खाताना वीबके पहिल्यांदाच पाहत होती.

"काल ते काप घशाखाली उतरत नव्हते," तोंडातला घास संपवून त्या म्हणाल्या. "भीती वाटत होती, खरं सांगते. बाथरूममध्ये जाऊन बसले होते जरा." त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आता फोन आला आणि वाटलं, फार स्वस्तात सुटले गं मी."

 वीबकेने साखरेचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. डायबेटिसची आठवण त्या दिवशी दोघींपैकी कुणालाही झाली नाही.