जेवणाच्या वेळी न सुटलेला बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, पण माणसाचा नव्हे, कुत्रीचा. कनेला नावाच्या शिकारी कुत्रीच्या उजव्या पुढच्या पायात मी असायचो. मुळात मी पिकअपच्या चाकातली ट्यूब. एका खिळ्याने मला भोसकलं, तेव्हापासून माझा कुणावर म्हणून विश्वास नाही. आमचे मालक आबेलार्दो यांनी ती फुटकी ट्यूब कापली, चिकटवली आणि आम्ही चार भाऊ जन्माला आलो.

दक्षिण टेक्सासच्या आमच्या रानात वाळू आहे, फड्या निवडुंग आहे आणि सराट्याचे काटे तर विचारूच नका. त्यातून कनेला लावा पक्ष्यांच्या मागावर धावायची. वास लागला की पाखरं कुठे आहेत हे मालकाला दाखवायला एक पाय उचलून जागच्या जागी थबकायची. आम्ही होतो म्हणून तिच्या पंजात काटा मोडत नसे. "दुकानातले बूट झक मारतील यांच्यापुढे!" असं शेजारीपाजारी म्हणत आणि मी फुगून जाई.

आबेलार्दो आम्हाला तिच्या पायात चढवून वरून काळी टेप गुंडाळत. माणसं जेवायला बसली की मात्र आधी आम्हाला काढायचं, हा घरचा रिवाज. रबरात पाय घामेजतो, सुजतो. "आधी तिचे बूट, मग तुमचं ताट," असा मालकीणबाई नेल्डा यांचा हुकूमच होता.

नेल्डाबाईंचा धाकटा भाऊ एलिसेओ. एकदा जेवताना तो म्हणाला, "दाजी, कनेला मला द्या की. तुमचे गुडघे बोंबलतात आणि ती बिचारी अंगणात बसून असते."

"गुडघे माझे, कुत्री माझी," आबेलार्दो म्हणाले. "तू आपला टॉर्टिया खा."

दारातल्या खोक्यात पडल्या पडल्या मी ते ऐकलं. म्हटलं, या माणसावर डोळा ठेवायला हवा.

पुढच्या शिकारीच्या सकाळी एलिसेओने पिकअपच्या मागे मला उचललं आणि थेट टोकापर्यंत हात घातला. मी हादरलो. तेवढ्यात आबेलार्दो आले.

"काय रे, काय टाकतोयस आत?"

"टाकत नाहीये हो, मी तर..."

"ठेव खाली! कुत्री दिली नाही म्हणून काटे पेरतोस होय? दूधखुळा समजलास मला?"

एलिसेओचा चेहरा उतरला. मला मात्र बरं वाटलं. चांगलं सुनावलं, म्हटलं. मग आबेलार्दोंनी रागारागात मला वरवर झटकलं, स्वतःच तिच्या पायात चढवलं आणि टेप करकचून आवळली.

दुपारी मेस्कीटच्या झाडाच्या सावलीत दोघं जेवायला बसले. सवयीने एलिसेओचा हात टेपकडे गेला.

"हात लावायचा नाही! आज बूट पायातच राहतील. काढले की तू काहीतरी करशील."

"दाजी, पाय सुजेल तिचा."

"तिची काळजी तू नको करूस."

ऊन चढलं. माझ्या आत पंजा फुगू लागला. टेप काही केल्या सैल होईना. कनेलाने मला चाटलं, मग चावलं, मग लंगडायला लागली. लाव्यांचा थवा समोर असताना ती थबकली नाही, मटकन खाली बसली.

"नाटकं करतेय!" आबेलार्दो ओरडले. "हिलाही फितवलंस की काय?"

कनेला कळवळून ओरडली. तसा एलिसेओ चाकू काढून धावला. आता हा पाय कापणार, अशी माझी खात्रीच झाली. त्याने टेपसकट मला उभं चिरलं, पण तिच्या कातडीला ओरखडासुद्धा आला नाही. पंजा सुजून दुप्पट झाला होता. आबेलार्दोंनी मला उलटं करून झटकलं, चाचपलं. आत काहीच नव्हतं.

"काटा शोधताय?" एलिसेओ म्हणाला. "दोन सराटे होते, दाजी. सकाळीच काढले मी. तुम्ही सांगू दिलंत का?" त्याच्या बोटावर रक्त वाळलेलं होतं.

आबेलार्दो वाळूतच बसले. तिचा पाय मांडीवर घेऊन रडवेल्या आवाजात म्हणाले, "अरे देवा, मीच आवळला रे हिचा पाय."

"हळू चोळा. रक्त मोकळं फिरू द्या," म्हणत एलिसेओने आपल्या बाटलीतलं पाणी पंजावर ओतलं.

पाय वाचला. एक नख तेवढं गळून पडलं. तिला नवे बूट आले. मी मात्र चिरलेला, गोठ्याच्या भिंतीला टांगलेला आहे आणि तोही खिळ्यालाच, बघा नशीब!

मित्रांनो, मुक्या जिवाच्या पायात काही घालाल तर ते वेळेवर काढा. त्याला सांगता येत नाही. आणि कुणाचा संशय आलाच, तर त्याला निदान वाक्य तरी पुरं करू द्या.

आजही शिकारीहून परतल्यावर जेवणाची वेळ झाली की कनेला माझ्याखाली येऊन बसते. एलिसेओ दिसला की बूट काढून घ्यायला उजवा पाय आपणहून पुढे करते. आबेलार्दो दर वेळी आधी आपला हात पुढे करून बघतात. ती पाय पोटाखाली घेते.