डेल्मरची फेरतपासणी

माजी सैनिकांच्या सरकारी बोर्डाकडे केलेलं डेल्मरचं अपील पुन्हा परत आलं. फेटाळलं नाही, मान्यही केलं नाही. पाठीचं दुखणं लष्करातलंच आणि मदत लागण्याइतकं गंभीर, याला वैद्यकीय पुरावा अपुरा, सबब नव्याने तपासणी व्हावी, असा बोर्डाचा हुकूम. व्हिएतनाममध्ये ट्रकवरून पडलेला पोरगा पंचाहत्तरीला आला, तरी यांचं पुराव्याचं घोडं अडलेलंच. अपील मान्य झालं असतं तर सरकारी खर्चाने घरी मदतनीस मिळाला असता. बायको वर्ना, तिच्या हातांत आता त्याला उचलायचं बळ उरलं नव्हतं.

पण खरं सांगायचं तर सगळा दोष बोर्डाचा नव्हता. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगराळ भागातले म्हातारे सैनिक डॉक्टरकडे जायचे ते चर्चला निघाल्यासारखे नटूनथटून. मागच्या खेपेला डेल्मर गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, काठी गाडीत ठेवून ताठ चालत आत गेला. डॉक्टरांनी विचारलं, कसं काय? हा म्हणाला, एकदम मजेत! त्यांनी तेच लिहून टाकलं. मोडेन पण वाकणार नाही म्हणणाऱ्याचं दुसरं काय होणार?

या वेळी वर्ना सोबत निघाली.

"तू आत तोंड उघडायचं नाहीस," त्याने बजावलं.

"मग काठी घे."

"काठी म्हाताऱ्यांना लागते."

"आणि तू कोण, नवरदेव?"

तो हसला. काठी मात्र गाडीतच राहिली.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. "सकाळी उठताना त्रास होतो?"

"या वयात कुणाला होत नाही? माझ्याहून वाईट हाल झालेले पुष्कळ आहेत. त्यांचं बघा आधी."

बाई लिहू लागल्या.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली. "रोज पहाटे रांगत जातो बाथरूमपर्यंत. लहान पोरासारखा, हातापायांवर. बेसिन धरून कसाबसा उभा राहतो आणि मग शीळ घालत बाहेर येतो."

"कधीपासून?"

"आमची धाकटी लेक झाली, तेव्हापासून. चाळीस वर्षं झाली."



परतताना गाडी वर्ना चालवत होती. तो म्हणाला, "तू जागी असायचीस?"

"हो."

"रोज?"

"रोज, डेल्मर."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती आपण परक्या बाईसमोर उघडली, या विचाराने तिला रडू फुटलं. त्याने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

यथावकाश अपील मान्य झालं. आता सकाळी मदतनीस येतो. डेल्मर त्याच्या खांद्यावर निमूटपणे भार टाकतो, उठता उठता त्याच्याशी बेसबॉलच्या गप्पाही मारतो. वर्ना कॉफी घेऊन दारात आली की मात्र गप्प होतो.

"कप तिथेच ठेव," तो म्हणतो, "आणि दार ओढून घे."

ती दार ओढून घेते.