मेव्हण्याच्या दंडावरचा पट्टा

"दाजी, हे परत आवळायला लागलं," शांतोबा डोळे न उघडताच म्हणाला.

"आवळू दे. हात हलवू नकोस," भिंगरी म्हणाला आणि खिडकीपासून दारापर्यंत आणखी एक चक्कर मारून आला.

पट्टा शांतोबाच्या दंडावर, यंत्र त्याच्या कमरेला, आणि रक्तदाब मोजला जायचा होता भिंगरीचा.

भिंगरी म्हणजे आमच्या बांधकामावरचा क्रेनवाला. हा माणूस आयुष्यात एकदाच स्वस्थ बसला, लग्नाच्या फोटोसाठी, आणि त्या फोटोतही त्याला दोन डोकी आली आहेत. मी स्वतः मोजलीत. घास घेता घेता उठायचा, झोपेत चालायचा. फक्त वर क्रेनच्या केबिनमध्ये चढला की त्याचे पाय गप्प व्हायचे. तिथे येरझारा घालायला जागाच नव्हती. संध्याकाळी खाली उतरायचा तो झोप पुरी झालेल्या तान्ह्या बाळासारखा.

त्या केबिनवरच आता गदा आली होती. वार्षिक तपासणीत दाब चढा निघाला. दवाखान्यात काहींचा नुसत्या धास्तीनेच चढतो, म्हणून डॉक्टरीणबाईंनी रात्रंदिवस बांधून ठेवायचं यंत्र दिलं. ते अधूनमधून दंड आवळतं आणि आपलं आपण दाब टिपून ठेवतं. आकडे बरे आले तर वर चढायची चिठ्ठी, नाहीतर बसा खाली.

भिंगरीने घरी येताच ते मेव्हण्याला बांधलं. मेव्हणा कसा, तर एकदा त्याच्या मांडीवर कबुतराने घरटं केलं, तेव्हा पिल्लं उडून जाईपर्यंत हा जागचा हलला नाही. बायकोही खूश. आपला भाऊ घरात पहिल्यांदाच काही उपयोगाला आला, असं तिने शेजारणीलाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आकडे पाहिले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. डोकं दुखतं का, चक्कर येते का, धाप लागते का, असं विचारत गेल्या. भिंगरीने शांतोबाला डोळ्यांपुढे आणून दर वेळी नाही म्हटलं.

"तेच तर. चढा दाब दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. झोपेतसुद्धा उतरलेला नाही. असाच राहिला तर एखाद्या दिवशी मेंदूतली शीर फुटेल. आजपासून गोळ्या. महिन्याने आटोक्यात आला, तर चिठ्ठी देईन."

भिंगरीला आधी हसू फुटलं. ते जिन्यावरच विरलं. फुटायची ती शीर शांतोबाची होती. गप्प राहिलं आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाचा दंड शोधला, की केबिन शाबूत होती.

घरी त्याने ताकदीची म्हणून गोळी शांतोबापुढे धरली. ताकद आणून मी कुठे वापरू, असं विचारून शांतोबा कुशीवर वळला. भिंगरी मग दुपारभर फिरत राहिला. दर चकरेला थांबून मेव्हण्याची छाती वरखाली होते ना, ते बघायचा.

शेवटी म्हणाला, "ऊठ. ते चढे आकडे तुझे आहेत. डॉक्टरांना ते माझे वाटतायत."

शांतोबाने डोळे उघडले. मग स्वतःहून उठून बसला.

"मी तर काहीच करत नाही हो, दाजी. मग चढतो कशाने?"

भिंगरीने त्याच्या चपला त्याच्या पायांपुढे सरकवल्या.

सगळं ऐकून डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतोबाचा दाब मोजला, त्याच्या गोळ्या त्याच्या नावावर लिहून दिल्या. मग भिंगरीकडे वळल्या. "तुमच्या क्रेनखाली माणसं काम करतात. मला हे कंपनीला कळवावं लागेल."

"कळवा," भिंगरी म्हणाला आणि बाही वर करून आपला दंड पुढे केला. त्याचाही दाब चढाच निघाला. शांतोबाइतका नाही.

केबिनची किल्ली त्याने नव्या माणसाच्या हातात दिली. दार जरा उचलून लाव, नाहीतर वाऱ्याने उघडतं, एवढं सांगितलं. नवा माणूस शिडी चढत वर गेला. भिंगरी मान वर करून उभा राहिला, दार नीट लागल्याचा आवाज खाली येईपर्यंत.