मिठाची पाचवी पिशवी

व्हर्लिन टेशच्या मोटरसायकलचा पट्टा ओरडला तो नेमका शुक्रवारी संध्याकाळी, कुबियाकच्या खानावळीसमोर. शुक्रवारी तळलेले मासे खायला अख्खं गाव तिथे लोटतं. आत जागा नव्हती म्हणून पंधरा-वीस माणसं ब्रँडीचे ग्लास हातात घेऊन बाहेरच उभी होती, एकदाचा बर्फ सरला या खुशीत. त्या सगळ्यांसमोर व्हर्लिनने वळण घेतलं आणि मागच्या चाकातून कुईं कुईं कुईं असा आवाज सुरू झाला. मागे त्याची बायको आर्लिस बसली होती. ऑक्टोबरात तिचा गुडघा बदलला होता. त्यानंतर आज ती पहिल्यांदाच गाडीवर बसली होती, तेही नवं जाकीट घालून.

"काय व्हर्लिन, सामानाच्या पेटीत उंदीर पाळलेस का?" डेल प्रोहास्काने विचारलं. डेल मनाचा वाईट नाही, पण त्याच्या जिभेला हाड म्हणून नाही. तेवढ्यावर थांबला असता तर चाललं असतं. तो पुढे म्हणाला, "गेल्या आठवड्यात एकटा आला होतास, तेव्हा तर गाडी अगदी गप्प होती."

सगळे हसले. आर्लिसही हसली, त्यामुळे विषय संपला असं व्हर्लिनला वाटलं. पण आत गेल्यावर तिने मासा अर्धाच खाल्ला आणि बटाट्याच्या धिरड्यांना हातही लावला नाही. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला तेवढं कळायला हवं होतं. त्याला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

"पुढच्या रविवारी मी कारने येईन म्हणते," कॉफी ओतताना ती म्हणाली. "बटाट्याचं सॅलड न्यायचंय ना."

पुढच्या रविवारी टेकडीवरच्या चर्चच्या अंगणात गाड्यांना आशीर्वाद मिळायचा होता. दर वर्षी मे महिन्यात शंभरेक मोटरसायकली तिथे रांगेत उभ्या राहतात, फादर बादली आणि कुंचा घेऊन फिरतात, पवित्र पाणी शिंपडतात, आणि मग मोसम सुरू होतो. टेश नवरा-बायकोची तीस वर्षांत एकही खेप चुकली नव्हती. आणि बटाट्याचं सॅलड तीसही वर्षं आर्लिसच्या मांडीवर बसूनच टेकडी चढलं होतं.

व्हर्लिनला सगळं समजलं. 'तुझ्यामुळे नाही गं' एवढं म्हणायला काय जात होतं? पण तसं म्हणायचं तर आधी कशामुळे नाही ते म्हणावं लागलं असतं, आणि वजन हा शब्द त्या घरात चाळीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. दवाखान्यात नर्सने काट्यावर उभं राहायला सांगितलं, की आर्लिस त्याला बाहेर पिटाळायची आणि दार नीट लागलंय का ते बघायची. म्हणून तो मूग गिळून गॅरेजमध्ये गेला.

व्हर्लिन काही साधासुधा गडी नव्हे. कागदाच्या गिरणीत चौतीस वर्षं त्याने यंत्रांचे पट्टे सांभाळले होते. सहा फूट रुंदीचा पट्टा नुसता कान लावून तो दुरुस्त करायचा, आणि हे तो सांगितल्याशिवाय राहायचा नाही. त्याच्या मोटरसायकलला साखळीच्या जागी बोटभर रुंदीचा रबरी पट्टा होता. तेवढ्या पट्ट्याने त्याची अब्रू काढावी, म्हणजे काय? त्याने पट्टा साबणाच्या पाण्याने धुतला. मग पट्ट्याच्या कडेला कोरडा साबण घासला, कारण डेलने तसं सांगितलं होतं. मग शंखजिऱ्याची पूड चोळली, कारण डेलच्या मेहुण्याने तसं सांगितलं होतं. दर वेळी गाडी काढून तो कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चक्कर मारून आला, आणि दर वेळी गाडी मुकाट. दर वेळी तो घरात येऊन "गेला बघ आवाज" म्हणायचा, आणि आर्लिस "छान झालं" म्हणून सॅलडसाठी मोठा डबा शोधत राहायची.

बुधवारी त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो एकटा असताना आवाज कधी येतच नव्हता. मग तो गेला की नाही हे एकट्याने कळणार कसं? मागे कुणीतरी बसायला हवं होतं. आणि मागे बसायला सांगता येणार नाही असं जगात एकच माणूस होतं, ते नेमकं स्वयंपाकघरात बटाटे मोजत होतं. डेलला बसवता आलं असतं. पण डेल मागून कंबर धरून बसलाय हे गावाने पाहण्यापेक्षा गाडी विकलेली परवडली असती.

गुरुवारी दुपारी आर्लिस गोधड्या शिवणाऱ्या मंडळात गेली. ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर व्हर्लिन तळघरात उतरला. पाणी मऊ करण्याच्या यंत्रात घालायच्या मिठाच्या पिशव्या तिथे रचून ठेवलेल्या असतात, एकेक चाळीस पौंडांची. त्याने एक वर आणली, मग दुसरी, मग तिसरी. चौथी आणताना जिन्यात थांबून दम खाल्ला. पाचवीकडे त्याने पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. चोरी करताना वाटावी तशी लाज त्याला वाटली. चार पुरे, असं त्याने स्वतःला बजावलं. चारही पिशव्या मागच्या सीटवर रचल्या, दोरांनी आवळल्या, आणि दोर काचून पिशव्या फाटू नयेत म्हणून वरून आर्लिसचं जुनं जाकीट चढवलं. चेनसुद्धा लावली.

असा जोडीने तो टपालपेटीपर्यंत गेला. शेजारच्या म्हातारीने खिडकीतून हात केला. गाडी मात्र गप्प होती. दोन चकरा मारल्या तरी गप्पच. गिरणीतल्या चौतीस वर्षांवर पाणी पडलं असं मनाशी म्हणत तो घराकडे वळला, तर दारात आर्लिसची कार उभी. मंडळाचं कॉफीचं यंत्र बिघडलं होतं आणि कॉफीशिवाय त्या बायका सुईत दोरासुद्धा ओवत नाहीत.

आर्लिस कारला टेकून उभी होती. तिने आधी जाकिटाकडे पाहिलं, मग जाकिटाच्या गळ्यातून डोकावणाऱ्या मिठाकडे.

"ही कोण?" तिने विचारलं.

"अगं, मी जरा... पट्टा तपासत होतो."

"ते दिसतंय. किती आहेत?"

"काय किती?"

"व्हर्लिन."

"चार," तो हेल्मेट न काढताच म्हणाला.

"चार. म्हणजे एकशे साठ." आर्लिसने शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं तीनशे मुलांचं जेवण मोजून रांधलं होतं, तिला हिशेब करायला बोटं लागत नसत. "एकशे साठ मी टॉड पोटात असताना होते. टॉडला आता टक्कल पडलंय."

"मला वाटलं, चार पुरे होतील."

"तुला नाही वाटलं. तू घाबरलास."

व्हर्लिनने हेल्मेट काढलं आणि ते पुसत बसला.

"आवाज आला का मग?"

"नाही."

"नाहीच येणार. पाचवी आण."

"अगं, राहू दे ना—"

"आण म्हणते ना. उद्याचा एकच दिवस आहे हातात, परवा मला बटाटे उकडायचेत."

त्याने पाचवी आणली. दोर सोडून पुन्हा आवळेपर्यंत आर्लिस घरात जाऊन आली. येताना पक्ष्यांना घालायच्या सूर्यफुलाच्या दाण्यांची लहान पिशवी तिच्या हातात होती, दहा पौंडांची. ती तिने सगळ्यांत वर ठेवली, दोन्ही हातांनी नीट बसवली आणि जाकिटाची चेन ओढायला गेली. चेन लागेना. "हं," ती म्हणाली, "आता बरोबर आहे."

व्हर्लिन त्या ढिगाकडे बघत राहिला. दोनशे दहा. चाळीस वर्षांत जे तिने बंद दाराआडच्या नर्सशिवाय कुणाला, आईला-बहिणीलासुद्धा, कळू दिलं नव्हतं, ते तिने उघड्या अंगणात त्याच्यासमोर मांडून ठेवलं होतं. मान खाली घालून त्याने गाडी सुरू केली.

टपालपेटीपाशी वळला आणि पट्टा ओरडला. कुईं कुईं कुईं. आठवडाभर ज्या आवाजाला शिव्या घातल्या, तो ऐकून व्हर्लिनला इतका आनंद झाला की त्याने आणखी एक चक्कर मारली.

परत आल्यावर त्याने पुढचं चाक लाकडी खाचेत अडकवलं, भार तसाच ठेवला आणि गाडीखाली आडवा झाला. पट्ट्याला खालून दहा पौंडांचा जोर दिला की तो अर्धा इंच तरी वर उचलला जायला हवा. हा जागचा हलेना. वजन पडलं की मागचं चाक वर दबतं आणि पट्टा आणखी ताणला जातो, हे त्याला नवं नव्हतं. म्हणून तर दर वेळी पट्टा लावताना तो आर्लिसला वर बसवायचा. मासिक वाचत ती बसायची, आणि खालून तो जुळवायचा.

"सापडलं का?" वरून आर्लिसने विचारलं.

खाली पान्हा दोनदा खणखणला आणि थांबला.

"अरे, झोपलास का?"

"सापडलं," व्हर्लिन म्हणाला. "पट्टा फार ताणलाय. मीच ताणलाय. नोव्हेंबरात."

"मी तेव्हा पलंगावर होते."

"हो. मी रिकाम्या गाडीवरच लावला."

"मग माझ्यासाठी थांबायचं ना वसंतापर्यंत. बर्फात कुठे जाणार होतास?"

व्हर्लिनने पान्हा पोटावर ठेवला. गाडीखालून त्याला तिचे फक्त बूट दिसत होते, आणि बुटांशी बोलणं त्यातल्या त्यात सोपं होतं. "डॉक्टर म्हणाले होते, गाडीवर बसणं कदाचित जमणार नाही. मला वाटलं, आता तू काही बसायची नाहीस."

बूट एक पाऊल जवळ आले.

"डॉक्टरला विचारलंस," आर्लिस म्हणाली. "मला नाही विचारलंस."

"नाही विचारलं. चुकलं माझं."

"आणि मी सहा दिवस झाले सकाळी लोणी न लावता पाव खातेय."

"मला कुठे माहीत होतं गं?"

"तुला काय माहीत असतं? ऊठ. त्या मिठाला उतरव. मी इथे उभी असताना मिठाला कशाला बसवतोस?"

त्याने पिशव्या उतरवल्या आणि स्वयंपाकघरातलं लहान स्टूल आणलं. स्टूलवर चढून, त्याच्या खांद्यावर भार टाकून तिने नवा गुडघा पलीकडे नेला, एकदा "आई गं" म्हणाली आणि बसली. सगळी बसली. गाडी खाली दबली. व्हर्लिन पुन्हा आडवा झाला, चाकाचा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे फिरवत चाक जरासं पुढे आणलं. "किती राहिलं?" ती दर मिनिटाला विचारत होती आणि तो "हलू नकोस" म्हणत होता. पट्टा अर्धा इंच उचलला गेला तेव्हा उन्हं कलली होती. मग ते दोघं टपालपेटीपर्यंत जाऊन आले. शेजारच्या म्हातारीने पुन्हा हात केला. कुठून कसला आवाज आला नाही.

रविवारी ते टेकडी चढून चर्चच्या अंगणात शिरले तेव्हा डेल प्रोहास्काने कान टवकारले आणि निराश झाला. "गेला की रे उंदीर. काय झालं होतं शेवटी?"

आसपासची चार-सहा माणसं वळली. बादली घेऊन फादरही जवळ आले होते. व्हर्लिनने जन्मात कधी स्वतःची चूक चारचौघांत कबूल केली नव्हती. गिरणीत एकदा पूर्ण पाळी बंद पडली, तेव्हाही त्याने हवामानावर खापर फोडलं होतं.

"माझीच चूक," तो म्हणाला. "पट्टा मी एकट्या माणसाच्या बेताने लावला होता."

"एकट्याच्या? तुम्ही तर चाळीस वर्षं दोघं फिरताय."

"हो ना," व्हर्लिन म्हणाला. "मीच विसरलो होतो."

फादरनी कुंचा बुडवून झटकला. गाडीवर, व्हर्लिनच्या चष्म्यावर, सॅलडच्या डब्यावर आणि आर्लिसच्या नव्या जाकिटावर पाणी उडालं. पुढे इंजिनं एकेक करून सुरू होऊ लागली. आर्लिसने डबा मांडीवर घट्ट धरला आणि मोकळ्या हाताने नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

"सरक पुढे," ती म्हणाली. "मला नीट बसू दे."