येतो म्हणाला

नारळावर बोटांच्या पेरांनी मारलेले दोन ठोके, मग थोडं थांबून तिसरा. हा आवाज मी चाळीस वर्षांपूर्वी आफ्रिकेत, मापुटोच्या जुन्या छपराच्या बाजारात ऐकला. विश्वास नारळ असाच पारखायचा. आम्ही दोघंही दाभोळचे, एकाच जहाजावर इंजिनखोलीत ऑइलर. त्या बाजाराचं लोखंडी छप्पर उंच होतं आणि खाली काजू, सोडे, नारळ सगळं आपल्याकडच्यासारखं मांडलेलं असायचं, म्हणून जहाज बंदराला लागलं की आमचे पाय आपोआप तिकडे वळायचे.

त्या दिवशी त्यानं नारळ खाली ठेवला आणि म्हणाला, "जातो रे विल्या."

आपल्यात निघताना कुणी जातो म्हणत नाही. "येतो म्हण, मेल्या," मी म्हटलं. तो नुसता हसला आणि गर्दीत शिरला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. पोलिसांनी शोधलं, आम्ही शोधलं, तिसऱ्या दिवशी जहाज सुटलं.

गावी त्याच्या आईनं माझे दोन्ही हात धरून विचारलं, "जाताना काय म्हणाला रे?" मला खरं सांगवेना. "येतो म्हणाला," मी सांगितलं. ती म्हातारी अकरा वर्षं, मरेपर्यंत, ओसरीवर वाट बघत बसली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, माझ्या बायकोलाही नाही.

आता मी सिंगापूरला, पासिर रिसमध्ये मुलाच्या फ्लॅटवर असतो. सकाळी समुद्रापर्यंत चालून येतो, दुपारी माझ्या सुनेला, शैलाला, भाजी निवडून देतो. नात अनुजा इथेच वाढली, तिचं मराठी इंग्रजीतून उतरलेलं. घरातून निघताना ती दर वेळी "जाते हं आजोबा" म्हणते, मी दर वेळी दारात जाऊन "येते म्हणावं" सांगतो, आणि ती बूट चढवता चढवता हसत इथल्या ढंगात म्हणते, "सेम थिंग लाह!" पण शेवटी येते म्हणते. ती म्हणेपर्यंत मी दार धरून उभा असतो.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामानं तिला चार दिवस मापुटोला जायचं निघालं. नाव ऐकून मला रात्रभर झोप आली नाही. पण काय सांगून अडवणार होतो?

तिसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, तिचा व्हिडिओ कॉल आला. "आजोबा, तुमचं मार्केट! तुम्ही सांगायचात ना, कोकोनटवालं!"

पडद्यावर तेच छप्पर होतं, नवा रंग दिलेलं. शैलानं माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "फोन नीट धर गं, मला चक्कर येतेय. आणि काजू आण चांगले."

"आई, काजू आपल्या इथे मुस्तफाच्या दुकानात पण मिळतात!"

तेवढ्यात मी ते ठोके ऐकले. दोन, आणि थांबून तिसरा.

"कोण वाजवतंय ते?"

"स्टॉलवाले अंकल. आजोबा, अंकल मराठी स्पीक करतात!" तिनं फोन वळवला. नारळांच्या राशीवर एक हात होता, तरण्या माणसाचा, मनगटावर वाफेनं भाजलेलं. चाळीस वर्षांपूर्वी, जहाज मापुटोला लागण्याच्या आदल्या दिवशी त्या भाजलेल्या जागी मीच मलम लावलं होतं. ते मलम अजून ओलं होतं.

"अनुजा, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता उन्हात ये."

"व्हाय? ते ओळखतात तुम्हाला. विल्या म्हणतात, सो क्यूट." मग ती मान वळवून काही ऐकू लागली. "ते विचारतायत, आईला येतो म्हणाला असं का सांगितलंस? कोणाची आई, आजोबा?"

शैला माझ्याकडे बघत राहिली.

"त्याला सांग, माझं चुकलं," मी म्हटलं. "पण तू निघ तिथून. आणि निघताना येते म्हण, बाळा. मला ऐकू दे."

ती पुन्हा तिकडे वळली, आणि या वेळी बराच वेळ ऐकत होती. परत फोनकडे पाहून बोलली तेव्हा तिच्या तोंडी एकही इंग्रजी शब्द नव्हता, हेलसुद्धा आमच्या दाभोळचा होता.

"ते म्हणतात, पोरीला खोटं बोलायला लावू नकोस."

"बाबा, काय चाललंय हे? अनुजा!" शैलानं फोनला हात घातला, पण माझी बोटं सुटेनात. पलीकडे अनुजानं फोन नारळांना टेकवून ठेवला. तिचे दोन्ही हात मोकळे झाले.

"येते म्हण," मी ओरडलो. "अनुजा, निदान जाते तरी म्हण. जाते म्हणालीस तरी चालेल."

तिनं पिशवी खांद्याला लावली, माझं ओरडणं ऐकू आल्यासारखी क्षणभर थांबली, आणि काहीच न बोलता त्या छपराखाली आत आत चालत गेली.